निग्रो लीगचा विली फॉस्टर खरंच एवढा भारी डावखुरा होता का?

रात्रपाळीवाला (भांडुप)

मंडळी, प्रश्न जरा वेगळाय आणि क्रिकेट विभागात टाकतोय कारण बेसबॉलचा विभागच नाहीये इथे, संपादकांनी हलवला तरी माझी हरकत नाही. मी ऐरोलीला अमेरिकन शिफ्ट करतो, रात्री काम थंड असलं की फ्लोअरवरच्या टीव्हीवर कोणीतरी बेसबॉल लावून ठेवतं, आधी वैताग यायचा, मग हळूहळू नाद लागला आणि आता हिट कुठला, एरर कुठली एवढं कळायला लागलंय.

तर २०२४ मध्ये एमएलबीने, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगने, जुन्या निग्रो लीगचे (गोऱ्यांच्या लीगमध्ये दार बंद असलेल्या काळ्या खेळाडूंच्या लीगचे) आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले आणि जॉश गिब्सन .३७२ च्या ॲव्हरेजने टाय कॉबच्या डोक्यावर जाऊन बसला, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पण पिचर, म्हणजे आपला बोलर, म्हटलं की सगळे सॅचेल पेजवर येऊन थांबतात. मी स्वतः डावखुरा त्यामुळे डावखुरे कोण होते ते शोधत बसलो तर विली फॉस्टर हे नाव सारखं पुढे येतंय, शिकागो अमेरिकन जायंट्सकडून खेळायचा, १९९६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. आता अडचण अशी की जिथे बघावं तिथे आकडे वेगळे. एकीकडे लिहिलंय १९२६ मध्ये ओळीने २६ मॅच जिंकला, दुसरीकडे त्याचा पत्ताच नाही. मग माणूस खरंच ग्रेट होता की नंतरच्या लोकांनी वाढवून सांगितलं? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, आणि जरा क्रिकेटच्या भाषेत सांगा प्लीज.

सॉफ्टबॉलकर (विलेपार्ले)

वा, या विषयावर इथे कोणी विचारेल असं स्वप्नात नव्हतं वाटलं. कॉलेजला सॉफ्टबॉल खेळलोय, तेव्हापासून पिचिंगचं वेड आहे, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी घरची भानगड. विली हा रूब फॉस्टरचा सावत्र भाऊ. रूब म्हणजे साधासुधा माणूस नाही, स्वतः जबरदस्त पिचर, अमेरिकन जायंट्सचा मालक आणि मॅनेजर, आणि १९२० मध्ये कॅन्सस सिटीत बाकीच्या मालकांना एकत्र बसवून निग्रो नॅशनल लीग उभी करणारा तोच. दोघांच्या वयात पंचवीसेक वर्षांचं अंतर, म्हणजे भाऊ कसला, बापच. विलीचा जन्म १९०४ चा, टेक्सासमधलं कॅल्व्हर्ट, आई लहानपणीच गेली, आजी-आजोबांनी मिसिसिपीत वाढवला. पोरगा शिकागोला येऊन भावाला म्हणाला मला संघात घे, तर रूबने सरळ नाही सांगितलं, शाळेत जा म्हणाला. मग १९२३ मध्ये विली मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळायला लागला आणि तिथे नाव व्हायला लागल्याबरोबर हेच मोठे बंधुराज लीगचे अध्यक्ष म्हणून मेम्फिसवाल्यांना म्हणतात, तो पोरगा इकडे पाठवा! मेम्फिसवाले भडकले, विली त्याहून भडकला. आधी नको म्हणालास आणि आता हुकूम सोडतोस. पुढे बरीच वर्षं तो राग गेला नाही म्हणतात, आणि मला विचाराल तर बरोबरच होता.

आता खेळ. बेसबॉलमध्ये पिचर ते बॅटर अंतर साठ फूट सहा इंच, फास्ट बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो, त्यामुळे बॅटर बॉल बघून ठरवतो हे अर्धसत्य आहे, तो पिचरचा हात बघून अंदाज बांधतो. फॉस्टरची खासियत इथेच. फास्ट बॉल, कर्व्ह, ड्रॉप म्हणजे शेवटच्या क्षणी खाली पडणारा बॉल, आणि चेंज-अप, हे सगळं एकाच ॲक्शनमधून. चेंज-अपमध्ये बॉल बोटांच्या टोकावर न धरता तळहातात आत ढकलून धरतात, हात त्याच जोरात येतो पण बॉल मात्र मागे राहतो, बॅटर कधीच बॅट फिरवून मोकळा झालेला असतो. मेलबर्नला २०१८ मध्ये लंचच्या आधीच्या बॉलवर बुमराहने शॉन मार्शला काढला होता ना, तसं हा माणूस पूर्ण नऊ इनिंग, म्हणजे अख्खी मॅच, करायचा. त्याचा कॅप्टन आणि नंतरचा मॅनेजर डेव्ह मालार्चर होता, त्यानेही त्याच्या वेगापेक्षा या एकाच ॲक्शनचं जास्त कौतुक केलेलं आहे.

डावखुरा असण्याचा आणखी एक फायदा जो टीव्हीवर लक्षात येत नाही. डावखुरा पिचर टाकायच्या तयारीत उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड पहिल्या बेसकडेच असतं. त्यामुळे तिथला रनर दुसरा बेस चोरायला, म्हणजे बॉल मारला जायच्या आधीच पळून पुढे जायला, निघाला तर त्याच्या डोळ्यासमोर. आणि निग्रो लीगमध्ये बेस चोरणं, बंट मारून म्हणजे बॉलला नुसती बॅट लावून पळणं हे तर रोजचं जेवण होतं, तिथे असा माणूस म्हणजे सोनं.

आता ती १९२६ ची गोष्ट, हीच मेन. सीझनचे दोन भाग असायचे, पहिला भाग कॅन्सस सिटी मोनार्क्सने जिंकला, दुसरा शिकागोने, मग दोघांची नऊ मॅचची प्लेऑफ. मोनार्क्स ४-३ ने पुढे. म्हणजे त्यांना एकच मॅच हवी आणि शिकागोला दोन्ही, आणि त्या दोन्ही मॅच एकाच दिवशी, शिकागोच्याच ग्राउंडवर. पहिलीत फॉस्टरसमोर बुलेट रोगन, हा रोगन म्हणजे पिचिंगही करायचा आणि बॅटिंगही फोडायचा, तोसुद्धा हॉल ऑफ फेमवाला. शिकागो १-० ने जिंकलं. पूर्ण मॅच टाकून झालेली, हात गळून आलेला असणार. तेवढ्यात दिसलं की दुसऱ्या मॅचसाठी रोगन पुन्हा वॉर्म-अप करतोय. झालं, फॉस्टर म्हणाला तो टाकणार असेल तर मी पण टाकतो. दुसरी मॅच पाच इनिंगचीच झाली पण ती पण ५-० ने घेतली. एका दिवशी दोन मॅच, समोर रोगन, आणि मोनार्क्सला एकही रन नाही.

पुढे निग्रो लीगच्या वर्ल्ड सिरीजला अटलांटिक सिटीचे बॅकरॅक जायंट्स. ती सिरीज दोन मॅच टाय झाल्यामुळे अकरा मॅचपर्यंत लांबली आणि शेवटची मॅच कोणी टाकली? फॉस्टर. स्कोअर १-०. पुढच्या वर्षी १९२७ मध्ये परत तेच दोन संघ, परत शिकागो.

आकडेमोड (डोंबिवली)

सॉफ्टबॉलकर, मस्त लिहिलंय, पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला की. २६ ओळीने जिंकल्या त्याचं काय? माझा अंदाज सांगतो, त्यात गावोगावच्या लोकल क्लबांबरोबरच्या मॅच धरल्या असणार. लीगच्या मॅच थोड्या, बाकी वेळ पोट भरायला गावोगाव फिरून मिळेल त्याच्याशी खेळायचे. म्हणजे उद्या कोणी कांगा लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळतो आणि रविवारी सोसायटीच्या टर्फवर पण खेळतो आणि विकेटा एकत्र मोजतो. मी हिरो वगैरे पाडायला आलो नाही, पण आकडा नसेल तर 'सर्वात भारी' कशाच्या जोरावर म्हणायचं? आठवणींच्या? आठवणीत सगळेच भारी असतात, आमच्या मामांच्या आठवणीत त्यांनी पण एकदा रणजीवाल्याला क्लीन बोल्ड काढलाय.

सॉफ्टबॉलकर (विलेपार्ले)

आकडेमोड, मुद्दा रास्त आहे, २६ च्या आकड्यात सगळ्या प्रकारच्या मॅच धरल्यात, म्हणूनच कुठे सापडतो कुठे नाही. पण अर्धवट आकडे हा त्या लोकांचा दोष धरू नका. गोऱ्यांच्या पेपरात यांचे स्कोअर क्वचित यायचे. काळ्यांचे स्वतःचे पेपर होते, शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर, पण ते आठवड्याला एकदा निघायचे, त्यात जेवढे बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचे स्कोअरकार्ड, छापून आले तेवढ्यावरून आजचे लोक मायक्रोफिल्म चाळून एकेक मॅच जुळवतायत. एमएलबीने पण फक्त १९२० ते १९४८ मधल्या सात लीगच्या मॅच धरल्या, गावोगावच्या मॅच बाहेरच ठेवल्या. म्हणजे तुम्ही म्हणताय तशी चाळणी लावूनच आकडे आत घेतलेत.

आणि यात एक गंमत बघा. बेसबॉलमध्ये प्लेऑफचे आकडे सीझनच्या आकड्यांत धरत नाहीत, वेगळ्या रकान्यात जातात. म्हणजे ज्या दिवसामुळे फॉस्टरचं नाव घेतात तो रोगनविरुद्धचा दिवस त्याच्या करिअरच्या जिंकल्या-हरल्याच्या मेन ओळीत मोजलाच जात नाही! वर्ल्ड सिरीजची ती १-० पण नाही. तुम्ही फक्त ती ओळ बघून माणूस मोजणार असाल तर निम्मा फॉस्टर तिथेच गळाला.

समोर कोण होते हे बघा हवं तर. १९३३ चा ईस्ट-वेस्ट गेम, कोमिस्की पार्क, शिकागो. निग्रो लीगचा पहिला ऑल-स्टार सामना, गोऱ्यांचा पहिला ऑल-स्टार पण त्याच ग्राउंडवर त्याच वर्षी जुलैमध्ये झाला होता, हा सप्टेंबरमध्ये. संघ लोकांच्या मतांवर निवडले, कुपनं पेपरात यायची, आणि फॉस्टरला चाळीस हजारांवर मतं होती. समोर ईस्टच्या संघात कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, बिझ मॅकी, जॉश गिब्सन. यातला एकेक जण आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. ऑल-स्टारमध्ये आता पिचर एखाद-दोन इनिंग टाकून बसतात, फॉस्टरने नऊच्या नऊ टाकल्या. वेस्ट ११-७ ने जिंकलं. सात रन दिले हे पण लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं.

गिरगावकर काका

धागा वाचून राहवलं नाही. पोरांनो, काळा-गोरा भेद, डावखुरा बोलर, आणि हक्काचं काही न मिळणं हे वाचल्यावर आपल्याकडचं एक नाव कोणालाच कसं आठवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पालवणकर बाळू! लेफ्ट आर्म स्पिन. चांभार समाजातला, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर पिच सांभाळायचा आणि साहेबांना नेटमध्ये बोलिंग करायचा. त्यातला इंग्रज बॅट्समन कॅप्टन ग्रेग तासन्‌तास त्याला खेळायचा म्हणे. मग पुण्याच्या हिंदूंनी जिंकायला हवा म्हणून संघात घेतला, पण चहाच्या वेळी बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. मैदानात त्याने विकेट काढलेला बॉल हातात घ्यायला चालायचा, बाहेर आल्यावर त्याच्या कपाला हात लावायला नाही.

पुढे मुंबईत आला, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली संघ इंग्लंडला गेला, संघ जवळपास सगळीकडे मार खाऊन आला पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, ॲव्हरेज १८.८४. फर्स्ट क्लासमध्ये ३३ मॅच, १७९ विकेट, १५.२१. घ्या आकडेमोड साहेब, हे आकडे तरी पक्के आहेत! आणि हिंदूंची कायमची कॅप्टनशिप? नाही मिळाली. धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाली तीही बरंच भांडण झाल्यावर.

मी मरीन ड्राइव्हला रोज फिरायला जातो, पारशी, इस्लाम, हिंदू हे तिन्ही जिमखाने ओळीने उभे आहेत, तिथे खेळणाऱ्या पोरांना बाळू कोण विचारा, शंभरात एकालाही माहीत नसेल. आणि तुम्ही शिकागोच्या गोष्टी सांगताय.

मीनल_ठाणे

काका, बाळूंचं नाव आलं ते फार बरं झालं पण 'शिकागोच्या गोष्टी' म्हणून झटकू नका हो, दोन्ही वाचायला काय हरकत आहे 🙂

मला मात्र तुलना पूर्ण पटत नाही. फॉस्टरला दार बंद होतं ते गोऱ्यांच्या लीगचं. लेखी नियम नव्हता, मालकांमध्ये आपसात ठरलेलं होतं आणि सगळे पाळत होते. पण आतल्या बाजूला त्याचं स्वतःचं जग होतं. सुरुवातीला संघाचा मालक काळा, लीगचा अध्यक्ष सख्खा नाही पण सावत्र भाऊ, पेपर काळ्यांचे, प्रेक्षक काळे, ऑल-स्टारला मतं देणारे पण तेच. मोनार्क्सचा विल्किन्सन आणि असे काही गोरे मालक होते ते सोडा. ड्रेसिंग रूममध्ये त्याला कोणी वेगळ्या कपात चहा देत नव्हतं. बाळूंचं काय, ज्यांच्यासाठी विकेट काढायच्या तेच चहाला बाहेर बसवणार. बाहेरच्याने हाकललं तर माणूस आपल्यांत येऊन बसतो, आपले म्हणवणाऱ्यांनीच बाहेर बसवलं तर जायचं कुठे? मला वाटतं बाळूंनी जे सोसलं त्याला फॉस्टरच्या आयुष्यात जोड नाही.

आणि अजून एक, शिक्षणाचं. फॉस्टर ज्या ॲल्कॉर्न कॉलेजात शिकला, मिसिसिपीतलं काळ्यांचं कॉलेज, तिथेच १९६० पासून डीन ऑफ मेन (मुलांवर देखरेख ठेवणारा अधिकारी) आणि बेसबॉल कोच होता, अगदी सत्तरीपर्यंत. म्हणजे रिटायर झाल्यावर परत जायला एक जागा होती. आपल्याकडे त्या काळी असं काय होतं?

गिरगावकर काका

मीनलताई, पहिला मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. बाळूला अपमान गिळून का होईना, बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्यांविरुद्ध अधिकृत मॅच खेळायला मिळाली, हजारो लोकांसमोर त्यांना हरवता आलं, इंग्लंडमध्ये काउंटींना बोलिंग टाकता आली. स्कोअरबुकात नोंद झाली. फॉस्टरला गोऱ्यांच्या लीगमधल्या सगळ्यात मोठ्या बॅटरच्या, बेब रूथच्या काळातला पिचर असून त्याच्यासमोर एकही लीग मॅच मिळाली नाही. आपल्यांतच राजा, पण सिद्ध कोणासमोर करायचं? मला हेही कमी दुःखाचं वाटत नाही. बाकी बाळू पुढे राजकारणात पडला, पुणे करारावर सही केली, १९३७ मध्ये काँग्रेसकडून थेट बाबासाहेबांसमोर उभा राहिला आणि पडला, तो मोठा वेगळा विषय, इथे नको, भांडणं होतील.

रात्रपाळीवाला (भांडुप)

बापरे, एवढे प्रतिसाद! ब्रेकमध्ये वाचतोय, वाचनखूण साठवली आहे. काका आणि मीनल दोघांचंही पटतंय म्हणजे माझं काही खरं नाही 😄 बाळूंबद्दल शाळेत एक ओळ पण नव्हती हो आम्हाला.

सॉफ्टबॉलकर, दोन शंका. फॉस्टर गोऱ्यांविरुद्ध खेळलाच नाही का? आणि तो एवढा भारी होता तर हॉल ऑफ फेमला १९९६ कसं उजाडलं, सॅचेल पेज तर १९७१ मध्येच गेला ना?

सॉफ्टबॉलकर (विलेपार्ले)

गोऱ्यांविरुद्ध खेळला, पण सीझन संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. मोठ्या लीगचे गोरे खेळाडू एकत्र येऊन टीम बनवायचे आणि काळ्या संघांशी मॅच लावायचे, गर्दी तुफान व्हायची, पैसे चांगले सुटायचे. गोऱ्यांच्या लीगचा प्रमुख, कमिशनर लँडिस, याला हे खुपायचं, पूर्ण संघ आपल्या नावाने उतरणार नाही अशी बंधनं त्याने घातली होती. का घातली ते सांगायला नकोच, हरले तर काय तोंड दाखवायचं. या मॅच अधिकृत नाहीत त्यामुळे काकांचा मुद्दा राहतोच.

१९९६ चं कारण माझ्या मते साधं आहे. १९७१ ते १९७७ मध्ये एक खास कमिटी होती, तिने नऊ जण घेतले आणि दुकान बंद केलं. लोकांना माहीत असलेली नावं आधी गेली. सॅचेलचं म्हणजे तो १९४८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलँडकडून खेळला, १९६५ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी परत एकदा तीन इनिंग टाकल्या, पत्रकारांना रोज एक नवीन किस्सा द्यायचा, टीव्हीच्या काळात पोचला. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये काळ्यांसाठी गोऱ्यांच्या लीगचं दार उघडलं, फॉस्टर त्याच्या दहा वर्षं आधीच थांबलेला, नंतर मिसिसिपीतल्या कॉलेजात पोरांना शिस्त लावत बसला, गोऱ्या पत्रकारांनी त्याला टाकताना बघितलाच नाही. गेला १९७८ मध्ये. रूबला सुद्धा १९८१ पर्यंत घेतलं नव्हतं, ज्याने लीग काढली त्याला! बिचारा रूब १९२६ मध्येच वेड लागून कॅन्ककीच्या हॉस्पिटलात गेला, म्हणजे धाकट्या भावाचा तो मोठा दिवस आला तेव्हा हा संघात नव्हताच, १९३० मध्ये तिथेच वारला.

पण ज्यांनी बघितलं होतं त्यांना शंका नव्हती. १९५२ मध्ये पिट्सबर्ग कुरियरने जुन्या जाणत्या लोकांची मतं घेऊन सार्वकालिक संघ काढला, पहिल्या संघात पाच पिचर होते, जो विल्यम्स, सॅचेल पेज, रोगन, जॉन डोनाल्डसन आणि बिल (म्हणजे आपला विली) फॉस्टर. यात डावखुरे दोनच, डोनाल्डसन आणि फॉस्टर.

आकडेमोड (डोंबिवली)

हे १९५२ चं चांगलं आहे, हे मी मानतो, कारण बघणारे तेव्हा जिवंत होते. पण मग 'सर्वात भारी डावखुरा' फॉस्टरच कशावरून, डोनाल्डसन का नाही? आणि काल शोधताना स्लिम जोन्स म्हणून एक सापडला, फिलाडेल्फिया स्टार्स, सहा फूट सहा इंच उंच, १९३४ मध्ये यँकी स्टेडियमवर सॅचेल पेजशी १-१ बरोबरीत सोडवली, अंधार पडला म्हणून थांबवली मॅच. त्याचं नाव कोणीच घेत नाही.

सॉफ्टबॉलकर (विलेपार्ले)

स्लिम जोन्सचं १९३४ हे एक वर्ष फॉस्टरच्या कुठल्याही वर्षाला टक्कर देईल, मी तर म्हणतो सरस असेल. पण ते एकच वर्ष, मग हात गेला आणि १९३८ मध्ये पंचविशीतच माणूस गेला. अँडी कूपर पण आहे, डेट्रॉइट स्टार्सचा, १९२८ मध्ये मोनार्क्सने त्याच्या एकट्याच्या बदल्यात पाच खेळाडू दिले होते, २००६ मध्ये हॉलमध्ये घेतला. तो कंट्रोलवाला, धिंगाणा नाही, शांतपणे गळा दाबणारा.

डोनाल्डसनचं दुखणं वेगळं. त्याची उमेद लीग निघायच्या आधीच्या वर्षांत गेली, ऑल नेशन्स नावाच्या फिरत्या संघाबरोबर खेड्यापाड्यात खेळण्यात. तुमची चाळणी लावली तर त्याच्या हातात जवळपास काहीच उरत नाही आणि गावागावातले जुने पेपर काढून बसलेल्या लोकांनी त्याच्या चारशेच्या वर जिंकलेल्या मॅच शोधल्यात. अजून हॉलमध्ये नाही. माझं मत फॉस्टरला एवढ्याचसाठी की तो दहा-बारा वर्षं टिकला, आणि जी मॅच हरून चालणार नाही ती द्यायची कोणाला हा प्रश्न शिकागोला कधी पडला नाही. डोनाल्डसनवर बोलायचं तर नवीन धागा काढा, इथे लिहिलं तर पहाट होईल.

रात्रपाळीवाला (भांडुप)

काढतो, शनिवारी सुट्टी आहे. आकडेमोड, तुम्ही चाळणी घेऊन या. आणि काका, बाळूंचा वेगळा धागा तुम्हीच काढायचा, त्यावर मला प्रश्न विचारायचेत, विशेषतः विठ्ठलच्या कॅप्टनशिपच्या भांडणाबद्दल.